गोव्याच्या हवेत मधमाशीच्या मेणाची फडकी : घरी करण्याविषयी आणि वापरण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अन्न गुंडाळण्यासाठी मेण लावलेले सुती फडके घरी करण्याच्या कृती आता सर्वत्र मिळतात. मात्र त्यांतील बहुतेक कृती थंड आणि कोरड्या प्रदेशातील स्वयंपाकघरांसाठी लिहिलेल्या असतात. एप्रिल-मे महिन्यांतील उकाडा आणि जून ते सप्टेंबरपर्यंतचा दमटपणा यांचा विचार त्यांत नसतो. म्हणूनच येथे केलेली पहिली फडकी पुष्कळदा चिकट होतात किंवा त्यांना कुबट वास येऊ लागतो. पुढील उत्तरे गोव्यातील हवा, येथील स्वयंपाकघर आणि येथे मिळणारे साहित्य डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

मेणाचे फडके म्हणजे नेमके काय?

सुती कापडात मधमाशीचे मेण, चीड वृक्षाची राळ आणि थोडे तेल यांचे वितळलेले मिश्रण मुरवून तयार केलेले हे फडके असते. मेणामुळे कापडातून पाणी आरपार जात नाही, राळेमुळे फडके स्वतःला आणि भांड्याच्या कडेला चिकटते आणि तेलामुळे ते लवचीक राहते. हाताच्या उबेने ते मऊ होते, हव्या त्या आकारावर दाबून बसवता येते आणि गार झाले की तोच आकार धरून ठेवते. ते पूर्णपणे हवाबंद नसते. हा त्याचा गुणही आहे आणि मर्यादाही, हे पुढील उत्तरांत वारंवार दिसेल.

दुकानात मेणकापड म्हणून जे मिळते, ते चालेल का?

नाही. टेबलावर किंवा अंथरुणाखाली घालण्यासाठी विकले जाणारे मेणकापड बहुधा प्लास्टिकचा थर दिलेले असते आणि ते अन्नाला लावण्यासाठी बनवलेले नसते.

घरात डबे आहेत, परसात केळ आहे. मग या फडक्याची गरज काय?

प्रश्न रास्त आहे. ज्या घरात झाकणाचे पुरेसे डबे आहेत आणि रोज पाने मिळतात, त्या घराला याची फारशी गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. फडक्याचा उपयोग होतो तो डबा आणि पान या दोहोंच्या मधल्या जागेत : झाकण नसलेल्या वाडग्यावर, अर्ध्या चिरलेल्या लिंबावर, नारळाच्या उरलेल्या कवडीवर, कोथिंबिरीच्या जुडीभोवती, किंवा मुलाच्या दप्तरातील पावावर. अशा ठिकाणी आपण एरवी चिकटणारी प्लास्टिकची पातळ फिल्म किंवा ॲल्युमिनियम फॉइल वापरतो आणि एका वापरानंतर टाकून देतो.

१ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या एकल-वापर प्लास्टिकच्या बंदीत मिठाईचे खोके, निमंत्रणपत्रिका आणि सिगारेटची पाकिटे यांच्यावरील वेष्टनाची फिल्म येते. घरातील वाडग्यावर ताणून लावायची फिल्म त्या यादीत नाही. त्यामुळे ती वापरणे सोडायचे की नाही, हा निर्णय अद्याप प्रत्येक घराचा स्वतःचा आहे. वर्तमानपत्राचा कागद हा मात्र पर्याय नव्हे : छपाईच्या शाईमुळे त्यात अन्न ठेवण्यास किंवा गुंडाळण्यास अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनी मनाई केली आहे, तरीही गरम भजी आजही त्याच कागदात मिळतात.

मेण कोठून घ्यावे आणि ते शुद्ध आहे हे कसे ओळखावे?

शक्य असेल तर थेट मधपाळाकडून घ्यावे. पेट्यांमध्ये पाळली जाणारी आपल्याकडील मूळची माशी म्हणजे सातेरी. यंत्राने मध काढल्यावर पोळे पुन्हा पेटीत ठेवले जाते, त्यामुळे पेटीतून मेण थोडेच मिळते. पोळ्यावरची झाकणे खरवडून निघालेले आणि जुनी पोळी बाद केल्यावर उरलेले, एवढेच. भारतात बाजारात येणाऱ्या मेणाचा मोठा भाग रानातील आग्या माशीच्या पोळ्यांचा असतो. तेही फडक्यांसाठी चालते. फक्त पोळे कोणी आणि कसे काढले हे विचारून घ्यावे, कारण संपूर्ण पोळे जाळून किंवा पिल्लांसकट कापून काढलेले मेण घेऊन आपण पर्यावरणाचे काही भले करत आहोत असे म्हणणे कठीण आहे.

बाजारातील मेणात पॅराफिन मिसळण्याचा प्रकार सर्रास चालतो. पॅराफिन हे खनिज तेलापासून मिळते. खऱ्या मेणाची वडी मोडली की तोंडावर दाणेदार, मातकट पोत दिसतो, हातात घासली की मधाचा मंद वास येतो आणि काही महिने ठेवल्यावर तिच्यावर पांढुरकी साय धरते, जी कापडाने पुसली किंवा किंचित ऊब दिली की जाते. पॅराफिन अर्धपारदर्शक, बुळबुळीत आणि जवळजवळ निर्गंध असते. या खुणा भेसळीची शंका घेण्यास पुरेशा आहेत, परंतु थोड्या प्रमाणातील भेसळ घरच्या घरी नक्की ओळखता येईल अशी सोपी कसोटी नाही. म्हणून विकणारा माणूस ओळखीचा असणे हीच खरी खात्री. रंगावरून मात्र काही ठरवू नये. नवीन पोळ्याचे मेण फिकट असते, परागकणांमुळे ते पिवळे होत जाते आणि पिल्ले वाढलेल्या जुन्या पोळ्याचे मेण तपकिरी निघते.

चर्चबाहेर मिळणाऱ्या मेणबत्त्या वितळवून चालतील का, असेही विचारले जाते. जुने गोवे या गावी ३ डिसेंबरच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताच्या (सणाच्या) सुमारास नवसासाठी हात, पाय, डोळे अशा आकारांची मेणाची प्रतिके विकायला असतात, आणि ती स्वस्तही असतात. परंतु अशा वस्तू आणि साध्या मेणबत्त्या सामान्यतः पॅराफिनच्या असतात आणि त्यांत रंगही मिसळलेला असतो. अन्नासाठी त्या मुळीच वापरू नयेत.

पोळ्याचा चोथा मिळाला, तर त्यातून घरी मेण काढता येते का?

येते. चोथा प्रथम पाण्यात भिजवून त्यातील मध पूर्ण धुऊन काढावा, मग विरळ सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात मंद आचेवर तापवावा आणि उलथण्याने दाबत राहावे. मेण पाण्यावर तरंगते आणि कचरा पुरचुंडीत राहतो. पातेले न हलवता रात्रभर निवू द्यावे. सकाळी वर मेणाची वडी जमलेली असते आणि तिच्या खालच्या बाजूला गाळाचा काळपट थर असतो, तो सुरीने खरवडून टाकावा. हीच क्रिया पुन्हा केली की मेण अधिक स्वच्छ होते. भांडे स्टेनलेस स्टीलचे घ्यावे, कारण लोखंड, तांबे आणि पितळ यांच्या भांड्यांत मेणाचा रंग बिघडतो.

कापड कोणते घ्यावे?

शंभर टक्के सुती, दाट विणीचे आणि मध्यम जाडीचे : पॉपलिन, केंब्रिक, किंवा जुनी, पुष्कळ धुतलेली चादर. मलमल फार विरळ असल्याने तिच्यात मेण टिकत नाही आणि जाडजूड खादी मेण फार पिते व दुमडताना आखडते. सिंथेटिक मिश्रणाचे कापड घेऊ नये. ते मेण नीट शोषत नाही आणि शेवटी कुजतही नाही. नवीन कापडाला खळ असते, म्हणून ते गरम पाण्यात साबण घालून धुवावे, कपडे मऊ करण्याचे द्रावण वापरू नये आणि कडकडीत वाळवावे. रंगीत कापडाचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावा. रंग लागला तर ते कापड या कामाचे नाही. जुन्या सुती साड्यांचे पदर यासाठी फार छान असतात, मात्र हातमागाची जुनी कुणबी साडी कोणी कापायला काढली, तर त्या व्यक्तीला थांबवावे. त्या साडीची किंमत फडक्यापेक्षा कितीतरी अधिक आहे.

कडांना शिवण घालण्याची आवश्यकता नाही, कारण मेणामुळे धागे बांधले जातात. नागमोडी धारेची कात्री असेल तर तिने कापावे. लिंबू, कांदा यांच्यासाठी १५ सेंटिमीटरचा चौकोन, वाडग्यासाठी २५ ते ३० सेंटिमीटरचा आणि पावासाठी ४० सेंटिमीटरच्या पुढचा, असे तीन आकार पुरतात.

राळ घातलीच पाहिजे का?

नुसते मेण लावलेले फडके दुमडले की उलगडते आणि दुमडीवर मेणाच्या पापड्या सुटतात. चिकटपणा राळेतूनच येतो. त्यासाठी चीड किंवा पाइन वृक्षाची स्वच्छ केलेली राळ घ्यावी, जी रोझिन या नावानेही विकली जाते. धुपासाठी पूजेच्या दुकानात मिळणारी राळ निराळ्या झाडांची आणि अनेकदा मिसळीची असते, तर विजेच्या जोडकामासाठी मिळणाऱ्या रोझिनमध्ये इतर रसायने घातलेली असू शकतात. या दोन्ही टाळाव्यात. काही लोकांच्या त्वचेला रोझिनची ॲलर्जी असते आणि चिकटपट्टीने ज्यांना पुरळ येतो त्यांनी विशेष जपावे. अशा घरात राळेविना फडके करून ते दोऱ्याने किंवा रबराने बांधणे अधिक बरे.

होहोबा तेल मिळत नाही. खोबरेल चालेल का?

चालेल, परंतु थोडे कमी घालावे. होहोबा तेल रासायनिकदृष्ट्या द्रवरूप मेणच असते आणि ते लवकर खवट होत नाही, म्हणून कृतींमध्ये त्याची शिफारस असते. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसला वितळते. युरोपातील फ्रीजबाहेरच्या फडक्यात ते गोठलेले असते, तर आपल्याकडे हिवाळ्यातील काही रात्री सोडल्या तर ते वर्षभर पातळच राहते. तेवढ्यामुळे फडके येथे अधिक मऊ पडते. घाण्याचे वासाचे खोबरेल कालांतराने खवटते. शुद्धीकरण केलेले, वास नसलेले तेल घेतल्यास फडके जास्त दिवस टिकते. तिळाचे किंवा शेंगदाण्याचे तेल घेऊ नये.

प्रमाण काय ठेवावे?

गोव्यासाठी ७० ग्रॅम मेण, ३० ग्रॅम राळ आणि दोन छोटे चमचे तेल हे प्रमाण सुरुवातीला योग्य ठरते. एवढ्यात ३० सेंटिमीटरची सहा ते सात फडकी होतात, कारण मध्यम जाडीच्या एका फडक्याला साधारण १५ ते १८ ग्रॅम मिश्रण लागते. परदेशी कृतींत तेल याच्या दुप्पट असते. ते येथे घातल्यास मे महिन्यात फडके बोटांना चिकटते. फडके कायम फ्रीजमध्येच वापरायचे असेल, तर मात्र तेल चमचाभर वाढवावे, अन्यथा थंडीत ते पुठ्ठ्यासारखे होते.

ओव्हनमध्ये करण्याची कृती सविस्तर सांगाल का?

राळेचे खडे जाड पिशवीत घालून बत्त्याने कुटावेत. थेट खलात कुटू नयेत, नाहीतर तो खल पुढे मसाल्याला उपयोगी पडत नाही. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात लहान स्टीलचे भांडे बसवावे आणि त्यात तेल, राळ व थोडेसे मेण एकत्र घालावे. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, राळ त्याहून अधिक उष्णतेला मऊ होते आणि हळूहळू विरघळते. तिला अर्धा तास लागला तरी घाई करू नये. भांड्याच्या तळाशी मधासारखे दाट काही उरले नाही याची काडीने खात्री करून मग उरलेले मेण घालावे.

तोपर्यंत ओव्हन ९५ ते १०० अंशांवर तापवून घ्यावा. ट्रेमध्ये बेकिंग पेपर पसरून त्यावर कापड ठेवावे, दोन मिनिटे गरम होऊ द्यावे आणि मग ब्रशने मिश्रण मध्यापासून कडांकडे पसरावे. गार कापडावर लावलेले मिश्रण लावताक्षणी गोठते आणि ढिगळे होतात, म्हणून कापड आधी गरम करणे महत्त्वाचे. ट्रे चार-पाच मिनिटे पुन्हा आत ठेवावा. बाहेर काढल्यावर ज्या जागी कापड कोरडे, फिकट दिसेल तेथे मिश्रण लावावे आणि जेथे तळे साचले असेल तेथे दुसरे कोरडे कापड ठेवून ते टिपून घ्यावे. हे टिपणारे कापडच पुढचे फडके होते आणि मिश्रण वाया जात नाही.

मग दोन कोपरे चिमट्याने धरून फडके उचलावे, जादा थेंब ट्रेमध्येच निथळू द्यावेत आणि हवेत धरून हळूच हलवावे. अर्ध्या मिनिटात त्याची ओली चकाकी जाऊन पृष्ठभाग मंद होतो आणि कापड किंचित ताठ होते. खिडकीसमोर धरल्यास सर्वत्र सारखा उजेड झिरपला पाहिजे. पांढरट अपारदर्शक ठिपका दिसला तर तेथे मेण पोहोचलेले नाही. तयार फडकी दोरीवर एक दिवस टांगून ठेवावीत आणि मगच वापरावीत. पोदेराच्या (पाव भाजणाऱ्याच्या) भट्टीत ट्रे सरकवून द्यावा असे कोणाच्या मनात येत असेल, तर ते मनातच ठेवावे. ती उष्णता या कामासाठी फारच जास्त आहे.

ओव्हन नसेल तर?

इस्त्रीने करता येते. जुन्या टॉवेलवर बेकिंग पेपर, त्यावर कापड, त्यावर आधी एकत्र वितळवून गोठवलेल्या मिश्रणाचा किसलेला चुरा आणि वर पुन्हा बेकिंग पेपर, असे थर रचून इस्त्री रेशमाच्या अंशावर फिरवावी. वाफेची सोय बंद ठेवावी. दुकानात बटर पेपर म्हणून मिळणारा प्रत्येक कागद उष्णता सहन करणारा नसतो, तेव्हा पाकिटावर बेकिंगसाठीचा उल्लेख पाहून घ्यावा. कागदाच्या कडेने मेण बाहेर येते, म्हणून कापडापेक्षा कागद चांगला चार बोटे मोठा असावा.

मेण वितळवताना कोणती काळजी घ्यावी?

मेण गॅसवर थेट कधीही ठेवू नये. सुमारे ८५ अंशांच्या पुढे त्याचा रंग काळवंडू लागतो आणि २०० अंशांच्या आसपास त्याच्या वाफा पेट घेऊ शकतात. पाण्याच्या पातेल्यात ठेवलेले भांडे १०० अंशांच्या वर जात नाही, म्हणूनच ती पद्धत सुरक्षित आहे. तरीही पाणी आटू देऊ नये आणि चुलीजवळून उठून जाऊ नये. मेण पेटलेच, तर गॅस बंद करून झाकण घालावे. पाणी मुळीच ओतू नये.

मेणाचे भांडे, ब्रश आणि किसणी ही या कामापुरती निराळी ठेवावीत. उरलेले मेण मोरीत ओतल्यास ते नळीत गोठून राहते, त्यामुळे भांडे गरम असतानाच जुन्या कागदाने पुसून घ्यावे.

फडक्यात काय गुंडाळावे?

अखंड किंवा चिरलेल्या, परंतु फार रस न सुटणाऱ्या भाज्या, काकडीचे उरलेले टोक, मिरच्या, आले, कोथिंबीर, चीज, बिस्किटे, सुका मेवा, गार झालेल्या चपात्या आणि भाकऱ्या, तसेच पाव. कोथिंबीर धुऊन, पूर्ण निथळून आणि मुळे कापून गुंडाळल्यास फ्रीजमध्ये प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा चांगली राहते, कारण कोंडलेला दमटपणा थोडा थोडा बाहेर जातो. नारळाची कवड फडक्यात पूर्ण गुंडाळण्याऐवजी तिच्या तोंडावर फडके ताणून बसवावे आणि कवड फ्रीजमध्ये ठेवावी.

पावाबाबत थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. सकाळी पोदेराकडून आलेले उंडे किंवा कोंड्याच्या पोळ्या हे पाव गरम असताना गुंडाळू नयेत; एक तर मेण मऊ होते आणि दुसरे म्हणजे वाफ आत राहून पाव लिबलिबीत होतो. पूर्ण गार झाल्यावर गुंडाळलेला पाव संध्याकाळपर्यंत, आणि कोरड्या ऋतूत दुसऱ्या दिवसापर्यंतही, चांगला राहतो. पावसाळ्यात मात्र दुसऱ्या दिवशी पावावर बुरशी नाही याची खात्री करूनच तो खावा. त्या दिवसांत हवेतील आर्द्रता सतत ऐंशी टक्क्यांच्या वर असते आणि कोणतेही फडके तिला थांबवू शकत नाही.

काय गुंडाळू नये?

गरम अन्न, पातळ पदार्थ, कच्चे मांस आणि मासळी, तेल सुटणारे पदार्थ, फार आंबट आणि रसाळ फळे. तेलात मेण हळूहळू मऊ पडते, म्हणून भजी, लोणचे आणि खोबऱ्याचे तेल सोडणारा दोदोल हा गोड पदार्थ यांच्यासाठी हे फडके नाही. दोदोल केळीच्या पानातच शोभतो आणि टिकतोही. चिरलेला अननस थेट फडक्यात बांधू नये. मानकुराद आंब्याच्या फोडी वाडग्यात ठेवून वर फडके लावावे, अन्यथा रसाचे डाग कापडातून जात नाहीत.

मासळी गुंडाळून नंतर फडके चांगले धुतले तरीही नाही का?

तरीही नाही. कच्ची मासळी, कोळंबी किंवा मांस यांच्या संपर्कात आलेली वस्तू गरम पाण्याने आणि साबणाने धुवावी लागते, आणि हे फडके तर गरम पाण्यात घालताच येत नाही. सुक्या बांगड्याचा किंवा सुक्या सुंगटांचा (कोळंबीचा) वास मेणात असा मुरतो की ते फडके पुढे त्याच कामाला राखून ठेवावे लागते. त्यांच्यासाठी बरणीच बरी.

मधमाशीचे मेण जंतुनाशक असते, म्हणून अन्न बाहेर ठेवले तरी चालते, हे खरे आहे का?

हा समज धोकादायक आहे. मधमाशीच्या मेणाचा आणि प्रोपोलिसचा (माश्या झाडांवरून गोळा करतात त्या डिंकासारख्या पदार्थाचा) काही जंतूंवर सौम्य परिणाम प्रयोगशाळेत दिसतो, परंतु त्यावरून फडके हे फ्रीजची जागा घेते असा निष्कर्ष काढता येत नाही. शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानात दोन तासांपेक्षा अधिक आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा अधिक ठेवू नये, हा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य दंडक आहे. आपल्याकडे उन्हाळ्यातील दुपार म्हणजे ही दुसरी स्थिती असते. वाडग्यावर फडके आहे की काचेचे झाकण, याने त्यात फरक पडत नाही.

उन्हाळ्यात फडकी एकमेकांना चिकटतात. काय करावे?

मेण ६२ अंशांना वितळत असले तरी त्याच्या खूप आधी, साधारण ३५ अंशांपासूनच, ते मऊ आणि घडवता येण्याजोगे होते. मे महिन्यात गॅसजवळच्या फळीवर किंवा फ्रीजच्या वरच्या बाजूला ठेवलेली फडकी म्हणूनच चिकटतात. ती गुंडाळी करून, मध्ये कागद घालून, घरातील गार बाजूच्या कपाटात ठेवावीत; फारच उकाडा असेल तर फ्रीजच्या दारात ठेवायलाही हरकत नाही. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत डबा आणि फडके राहिले, तर मेण वितळून कापडातून उतरलेले आढळेल.

आणि पावसाळ्यात?

पावसाळ्यात धुतलेले फडके वाळवणे हेच खरे काम असते. धुऊन दोन-तीनदा झटकावे, कोरड्या पंचाने दोन्ही बाजू टिपाव्यात आणि पंख्याखाली दोरीवर एकेरी टांगावे. मेणाचा पृष्ठभाग पटकन वाळल्यासारखा वाटतो, परंतु मेण न पोहोचलेल्या कडांमध्ये पाणी राहते आणि बुरशीची सुरुवात तेथूनच होते. म्हणून घडी घालण्यापूर्वी कडा बोटांनी चाचपून पाहाव्यात. काळे किंवा हिरवट ठिपके दिसले, तर ते फडके अन्नासाठी बाद समजावे. पुन्हा मेण लावून ते झाकू नये.

नेहमी कसे धुवावे?

गार पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडके किंवा हात. घासणी नको, गरम पाणी नको, वॉशिंग मशीन व मायक्रोवेव्ह नको. वाळवायचे ते सावलीत. फक्त पाव गुंडाळला असेल, तर ओल्या कापडाने पुसले तरी पुरते.

फडक्यावर पांढऱ्या रेषा दिसतात. ते खराब झाले का?

नाही. दुमडीवर मेणाला बारीक भेगा जाऊन त्या पांढऱ्या दिसतात आणि ओव्हनमध्ये दोन मिनिटे ठेवल्यास नाहीशा होतात. मेणाच्या पापड्या सुटत असतील, तर मेण जास्त झाले आहे किंवा तेल कमी पडले आहे. फडके दोन कोऱ्या कापडांच्या मध्ये ठेवून बेकिंग पेपरवरून इस्त्री फिरवली की जादा मेण निघून जाते. फडके चिकटतच नसेल, तर राळ कमी पडली आहे किंवा तळाशी न विरघळता राहिली आहे.

मुंग्या लागतात का?

शुद्ध मेणाला सहसा लागत नाहीत. मध नीट न धुतलेल्या मेणाला हमखास लागतात. कच्चे पोळे साठवून ठेवल्यास त्यात मेणकिडाही होतो, म्हणून चोथा ताबडतोब वितळवून वडी करावी आणि ती बंद डब्यात ठेवावी.

मध न खाणाऱ्यांसाठी काही पर्याय आहे का?

जैन किंवा वीगन आचार पाळणाऱ्या घरांत वनस्पतिजन्य मेण वापरता येते. सोया मेण पन्नास अंशांच्या आसपासच वितळते, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात ते गैरसोयीचे ठरते. कँडेलिला मेण ७० अंशांच्या आसपास वितळते आणि येथे अधिक उपयुक्त आहे. कार्नोबा मेण ८२ अंशांच्या पुढे वितळते, पण फार ठिसूळ असल्याने एकटे वापरू नये. प्रमाण नव्याने ठरवावे लागते, कारण कँडेलिला आणि कार्नोबा ही मेणे मधमाशीच्या मेणापेक्षा कडक आहेत; त्यांच्यासाठी तेल वाढवून एका लहान तुकड्यावर आधी पाहावे. एक वर्षाखालील बाळाला मध देत नाहीत. मेण म्हणजे मध नव्हे, तरीही बाळाचे अन्न या फडक्यात न ठेवणे मला योग्य वाटते.

एक फडके किती टिकते आणि त्याला पुन्हा मेण लावता येते का?

आठवड्यातून तीन-चार वेळा वापरल्यास सहा महिने ते वर्ष. चिकटपणा गेला, कापड मऊ पडले आणि पाण्याचा थेंब वर न थांबता आत मुरू लागला, की पुन्हा मेण लावण्याची वेळ झाली असे समजावे. फडके स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवावे, ओव्हनमध्ये गरम करावे आणि निम्मेच मिश्रण लावावे. खवट वास येत असेल तर मात्र नवीन मेण वाया घालवू नये. तो वास जुन्या तेलाचा असतो आणि राहतोच.

पूर्णपणे निरुपयोगी झाल्यावर त्याचे काय करावे?

शुद्ध सुती कापड आणि वर सांगितलेले साहित्य असेल, तर बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून परसातील खताच्या खड्ड्यात टाकाव्यात. अखंड फडके कुजायला फार वेळ लागतो. ज्या घरात अंघोळीच्या पाण्यासाठी अजूनही चूल पेटते, तेथे याच पट्ट्यांचा गोळा ओल्या जुलैतील लाकडे पेटवण्यासाठी नारळाच्या चुडतांपेक्षाही सरस काम देतो. कापडात सिंथेटिक धागा असेल किंवा मेणात पॅराफिन निघाले असेल, तर ते खड्ड्यात किंवा चुलीत न घालता पंचायतीच्या अथवा पालिकेच्या सुक्या कचऱ्यात द्यावे.